सायकलच्या दुकानांत मिळालेला पाठ

शनिवार-रविवारची सुटी साधून गेल्या मार्गशीर्षांत आम्ही घरचीं सारीं मंडळी वाईस गेलों होतों. वाई हें प्राज्ञपाठशाळेचें आणि मराठी विश्वकोशाचें गांव. त्या विद्येच्या क्षेत्रीं दोन दिवस काढावे, एवढाच माझा हेतु होता. ज्या आप्तांच्या वाड्यांत आम्ही उतरलों, त्यांच्या पडवींत दोन जुन्या सायकली होत्या. त्या पाहतांच माझ्या बारा वर्षांच्या नातवानें हट्ट धरला, आणि रविवारीं सकाळीं आम्ही आजोबा-नातू मेणवलीच्या वाटेस लागलों. अंतर अवघें तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांच्या हातीं आलेली थोरली पोर्तुगीज घंटा, हें सारें त्यास दाखवून परत फिरलों, तोंच त्याच्या सायकलीचें मागचें चाक बसलें.

सायकली हातांत धरून आम्ही गांवाजवळ आलों. पहिल्या दुकानदारानें चाकाकडे न पाहतांच सांगितलें, "नवी ट्यूब घाला. जुन्याला आम्ही हात लावत नाही." त्या मापाची नवी ट्यूब तर त्याच्यापाशीं नव्हतीच!

थोडें पुढें एका पत्र्याच्या छपराखालीं दुसरें दुकान दिसलें. नांवाची पाटी नव्हती. वर टांगलेले टायर हीच काय ती खूण. साठीपलीकडचे एक मिस्त्री चाक फिरवून त्याचा औट काढीत बसले होते. त्यांनीं आधीं आमच्याकडे पाहिलें, मग सायकलीकडे.

"बसा, गुरुजी. आधी पाणी घ्या, मग बघू काय झालंय ते."

मी गुरुजी आहें हें कशावरून ओळखलें, असें विचारतां ते हसून म्हणाले, "मघापासनं पोराला तीनदा ‘सावकाश’ म्हणालात, तेवढ्यावरनं!"

त्यांनीं टायर काढण्याच्या पट्ट्या नातवाच्या हातीं दिल्या आणि "तूच काढ, मी सांगतो" असें म्हणून स्वतः बाजूस सरले. ट्यूब बाहेर आली. हवा भरून ती घमेल्यांतील पाण्यांतून फिरवतां एके ठिकाणीं बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. ती जागा पुसून, कोरडी करून, कानशीनें घासून तिजवर सोल्यूशन लावलें. तेथें मुलाचा धीर सुटला. ओल्या सोल्यूशनवरच त्यानें चकती दाबली आणि ती सरकली. मी रागें भरण्याच्या बेतांत होतों, पण मिस्त्री शांतपणें म्हणाले, "सरकली? बरं झालं. आता जन्मभर ध्यानात राहील." मग त्यांनीं कारण सांगितलें. सोल्यूशनमधील पातळ द्रव उडून जाईपर्यंत थांबावें, तरच रबर रबरास धरतें. दुसरी चकती घट्ट बसली.

तरीही ते ट्यूब आंत घालूं देईनात. "काटा कुठाय?" त्यांनीं विचारलें. टायरच्या आंतून बोट हलकेंच फिरवतां बाभळीच्या काट्याचें टोक सांपडलें. तो तसाच राहिला असता, तर थोड्याच अंतरावर पुन्हां तीच गत झाली असती. रोगाचें कारण दूर करणें यास आयुर्वेदांत निदानपरिवर्जन म्हणतात. तो शब्द मी कित्येक वर्षें जाणत होतों. त्याचा अर्थ मात्र त्या छपराखालीं कळला.

परंतु माझें मन तेवढ्यावर स्वस्थ होईना. "अभ्यास करा, नाहीं तर पंक्चर काढीत बसाल," हें वाक्य मीं वर्गांत किती वेळां उच्चारलें असेल, याची गणती नाहीं. एकदां तें ऐकतांच मागच्या बांकावरील एका मुलानें मान खालीं घातली. त्याच्या वडिलांचें सायकलचें दुकान होतें, हें मला ठाऊक होतें. मीं ती खालीं गेलेली मान पाहिली, आणि पुढचा श्लोक सांगावयास लागलों.

ज्या धंद्यास मीं असें हलकें लेखलें, त्याचा इतिहास काय सांगतो? डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्यानें हवेच्या टायरचें पेटंट १८८८ सालीं घेतलें. त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. ते मुंबईस तंत्रशिक्षणाच्या संस्थेंत शिक्षक होते. हातास काळें लागेल म्हणून ते मागें सरले नाहींत. त्या दुकानापासून निघालेली वाट पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापर्यंत पोंचली. हें मीं मुलांना परीक्षेसाठीं सांगत असें. त्यांतील दुकान मात्र मला कधीं दिसलें नाहीं.

निघतांना मजुरी विचारली. मिस्त्री म्हणाले, "काम यानं केलंय, मजुरी कशाची? दोन चकत्यांचे तेवढे द्या. एक वाया गेली, तीही धरा. शिकण्याचं सामान फुकट नसतं." चाळीस वर्षें शिकवून शिक्षणाविषयीं इतकें नेमकें वाक्य मला सुचलें नव्हतें.

घरीं आल्यावर नातवानें स्वतःच्या सायकलीसाठीं पट्ट्या, चकत्या व सोल्यूशन आणविलें. आतां शेजारचीं मुलें त्याच्याकडे येतात, आणि त्यांच्यांत तो माझ्याहून बरा गुरु ठरला आहे. वाचकांच्या घरींही मुलांच्या हातीं हें काम द्यावें. एखादी चकती सरकली तर रागावूं नये.

राहतां राहिला तो मागच्या बांकावरील विद्यार्थी. त्याचा ठावठिकाणा मला माहीत नाहीं. त्याच्या घरीं हें मासिक जात असेल, तर त्यानें आपल्या वडिलांना एवढें सांगावें कीं, गुरुजी चुकले होते.