कडू न लागणाऱ्यांचे जनुक

१९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी या रसायनाची पूड बाटलीत भरत असताना थोडी पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले. फॉक्स यांना काहीच चव लागली नाही. फरक आनुवंशिक होता. त्यामागचे जनुक, टीएएस२आर३८, हाती लागायला २००३ साल उजाडले. कडू चव ओळखणारी सुमारे २५ जनुके आपल्याकडे आहेत, त्यांतले हे एक.

पीटीसी निसर्गात नसते. पण त्याच्याशी साधर्म्य असलेली द्रव्ये कोबी-मोहरीच्या कुळात असतात आणि अती पोटात गेल्यास थायरॉइड ग्रंथीला त्रास देतात. म्हणजे कडूपणा हा इशारा. मग तो न कळणारी माणसे इतकी टिकली कशी?

१९३९ मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींना पीटीसी चाखवले. त्यांच्यातही काहींना चव लागेना! हा भेद माणूस आणि चिंपांझी यांच्या समान पूर्वजांपासून चालत आला, असा तर्क त्यांनी केला. तर्क देखणा होता, पण चुकीचा. २००६ मध्ये दिसले, की चिंपांझींत जनुकाच्या अगदी सुरुवातीचा संकेतच बिघडला आहे, तर माणसांत प्रथिनातली तीन अमिनो आम्ले बदललेली आहेत. एकाच जनुकात, पण दोन स्वतंत्र वाटांनी झालेला हा बदल मला विलक्षण वाटतो.

माणसांतला बदलही जुनाच. स्पेनमधल्या एल सिद्रॉन गुहेतल्या एका निअँडरथलकडे चव कळणारी एक आणि न कळणारी एक, अशा दोन्ही प्रती होत्या.