जांभळा बल्ब उतरवा, पांढरी पट्टी लावा
घरातली हिरवळ : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण उत्तरेकडच्या खिडकीतल्या कोथिंबिरीपाशी थांबलो होतो. तिथे उजेड पुरत नाही म्हणून ती लांबट, फिकट होते आणि काचेकडे झुकते. अशा वेळी बहुतेक जण जांभळा ग्रो बल्ब आणून होल्डरला लावतात. कोथिंबीर थोडी सावरते, पण भरत नाही. त्या बल्बऐवजी आपल्या फळीच्या मापाचा दिवा कसा करून घ्यायचा, ते आज पाहू.

आधी रंगाचा गैरसमज दूर करू. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हे शाळेत शिकलो ते खरंच आहे. पण तो आलेख पानातून वेगळ्या काढलेल्या हरितद्रव्याचा असतो. अख्ख्या पानाचं तसं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये काम करणाऱ्या कीथ मॅक्री यांनी २२ पिकांची पानं निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिरव्या प्रकाशावरही पान चांगलं अन्न बनवतं, असं त्यांत दिसलं. लाल-निळे किरण वरच्या थरांतच बरेचसे शोषले जातात, हिरवे मात्र पानात खोलवर पोचतात. शिवाय जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा, मावा, बुरशी यांतलं काहीच धड दिसत नाही. माझ्या मते घरात जांभळा दिवा नको म्हणायला एवढं एकच कारण पुरे आहे. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर फॉस्फरचा थर असतो, त्यामुळे तिच्या उजेडात सगळेच रंग येतात. ३५०० केल्विनची पट्टी घ्या. तिच्यावर ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल एलईडी असतील तर आणखी चांगलं.

आता किती वॅट घ्यायचे? खोक्यावर छापलेल्या ‘१००० वॅट’कडे बघू नका, दिवा प्रत्यक्षात किती वीज ओढतो ते विचारा. झाडाचा संबंध पानावर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांशी असतो आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. कोथिंबीर, मेथी, तुळस यांना दर चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल रोज १४ तास मिळाले, तर दिवसाचे साधारण १० मोल होतात. घरच्या पालेभाजीला तेवढे पुरतात. समजा, फळी ३ फूट लांब आणि १ फूट रुंद आहे. तिचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर भरतं, म्हणजे पानांवर ५६ मायक्रोमोल पडायला हवेत. तीसेक टक्के उजेड कडेने वाया जातो असं धरलं, तर दिव्यातून ८० निघायला हवेत. चांगली पट्टी ड्रायव्हरची गळती धरूनही एका वॅटला २.२ मायक्रोमोल देते. हिशेब ३६ वॅटवर येतो. रोज १४ तास दिवा चालला, तर महिन्याला सुमारे १५ युनिट वीज लागेल.

हे ३६ वॅट एका बल्बात कोंबले, तर मधली झाडं करपतील आणि कडेची तशीच लांबत राहतील. म्हणून ३ फुटी दोन पट्ट्या सहा इंचांच्या अंतराने लावा. पट्टी साधारण २४ व्होल्टची असेल, तर दोन्ही सिरीजमध्ये जोडून ७५० मिलीअँपियरचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या. एकूण ४८ व्होल्ट आणि ३६ वॅट होतात. ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका. एलईडी तापली की तिला लागणारा व्होल्टेज उतरतो, आणि करंटला लगाम नसेल तर तो वाढत जाऊन ती आणखी तापते. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलवर घट्ट बसवा, कारण निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते. ड्रायव्हर फळीच्या बाहेर, मोकळ्या हवेत आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर ठेवा. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला अर्थिंग द्यायला सांगा. कुंड्यांना रोज पाणी घालायचं असतं, तेव्हा इथे हयगय चालणार नाही.

दिवा पानांपासून फूटभर वर टांगा आणि मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपने पानांच्या उंचीवर मोजा. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सला ७० ने भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो. आपल्याला १४,००० लक्सच्या जवळपास हवेत. मोबाइलचं मोजमाप ढोबळच असतं, पण फळीच्या मध्ये आणि कडेला किती फरक आहे तो कळतो. जांभळ्या दिव्याखाली हा भागाकार वापरू नका. लक्स माणसाच्या डोळ्याला धरून ठरलेलं माप आहे आणि डोळ्याला हिरवट उजेड सर्वांत प्रखर दिसतो, म्हणून तिथे आकडा फारच कमी येईल.

मनीप्लँट आणि स्नेक प्लँट यांच्यासाठी हा खर्च करू नका, त्यांना खिडकीचा उजेड पुरतो. दिव्याची रोजची वेळ आणि टायमर यांबद्दल पुढच्या आठवड्यात बोलू. तोवर आपल्या फळीवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी किती लक्स भरतात ते वहीत लिहून ठेवा, पुढचा हिशेब त्याच आकड्यांवर करायचा आहे.