रात्रभर खोटे अलर्ट येतात? कॅमेऱ्याला नेमकं काय बघायचं ते असं सांगा

विहिरीवरची मोटार आणि तांब्याची केबल चोरीला जाऊ नये म्हणून शेतात कॅमेरा बसवला. पहिल्याच रात्री मोबाईलवर अलर्टचा ढीग. उघडून बघावं तर किडे, कोळ्याचं जाळं, वाऱ्यानं हलणारी उसाची पानं. चार दिवसांत माणूस वैतागतो आणि नोटिफिकेशनच बंद करून टाकतो. मग ज्या रात्री खरंच कुणी येतं, त्या रात्री सकाळी फक्त रेकॉर्डिंग बघायचं उरतं.

साधे कॅमेरे फक्त 'हालचाल' ओळखतात. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि आधीच्या चित्रापेक्षा किती चौकोन बदलले ते मोजायचं, एवढंच त्यांचं काम. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यापुढे किडे जमतात आणि लेन्सजवळून गेलेला किडा चित्रात माणसाएवढा दिसतो. कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच.

आता बाजारात येणारे अनेक कॅमेरे याच्या पुढे गेलेत. त्यांच्या आतला छोटा कॉम्प्युटर माणूस आणि वाहन वेगळं ओळखतो, आखून दिलेली रेषा कुणी ओलांडली का ते बघतो, ठरवलेल्या जागेत कुणी शिरलं का ते सांगतो. याला व्हिडिओ अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. दुकानदार 'एआय कॅमेरा' म्हणून विकतो तो हाच. मात्र यातले बहुतेक कॅमेरे माणूस आणि वाहन एवढेच प्रकार ओळखतात. बिबट्या ओळखेल असं कुणी सांगत असेल तर आधी दाखवायला सांगावं.

डेटा वाचतो तो इथेच

हे काम कॅमेऱ्यातच झालं तर शेतकऱ्याचा मोठा फायदा आहे. सिमकार्डवर चालणारा कॅमेरा 1 एमबीपीएस वेगानं सतत व्हिडिओ पाठवत राहिला तर दिवसाला जवळपास 10.8 जीबी डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसत नाही. उलट कॅमेऱ्यानं स्वतःच बघून, माणूस रेषा ओलांडून आत आला तेवढ्यापुरता निरोप आणि एक फोटो पाठवला तर तो काही केबींचा खेळ.

पण कॅमेऱ्याला रेषा सांगायची कशी? प्रत्येक नेटवर्क कॅमेऱ्याला आयपी पत्ता असतो, घरच्या नेटवर्कवर तो बहुधा 192.168 नं सुरू होतो. ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की बहुतेक कॅमेऱ्यांचं सेटिंगचं पान उघडतं. हाताने रेषा आखायची तर तिथे. पण कॅमेरा एका कंपनीचा, रेकॉर्डर दुसरीचा आणि अ‍ॅप तिसरीचं असेल तर त्यांना एकमेकांची भाषा कळायला हवी. त्यासाठी अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी 2008 साली ओएनव्हीआयएफ हे सामाईक मानक सुरू केलं. आज बहुतेक कंपन्या ते वापरतात.

यात सगळा व्यवहार वेब सर्व्हिसवर चालतो, म्हणजे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याला नेटवर्कवरून ठरलेल्या नमुन्यात लिहिलेला निरोप पाठवतं आणि कॅमेरा तशाच नमुन्यात उत्तर देतो. आधी विचारायचं, तुला कोणकोणते नियम जमतात? कॅमेरा यादी देतो. मग त्यातला एक निवडून नवा नियम तयार करायचा, उदाहरणार्थ रेषा ओलांडण्याचा. रेषेचे बिंदू द्यायचे, आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे की दोन्हीकडून ते सांगायचं. बांधावरून आत येणारा हवाय, बाहेर जाणारा गडी नकोय, तर दिशा एकच ठेवायची. नियम नंतर बदलता येतो, काढूनही टाकता येतो.

चित्राचा मध्य शून्य धरून कडांपर्यंत उणे 1 ते अधिक 1 अशी मोजणी असते. त्यामुळे चित्राची क्लॅरिटी कमी-जास्त केली तरी रेषा जागची हलत नाही. कॅमेरा धक्का लागून वाकला तर मात्र रेषा भलतीकडे जाते. वानर खांबावर चढून गेलं की एकदा बघून घ्यावं.

'ओएनव्हीआयएफ आहे' एवढं पुरत नाही

खोक्यावर ओएनव्हीआयएफ लिहिलंय म्हणून अ‍ॅनालिटिक्सही बाहेरून चालेल, असं नाही. प्रोफाइल एस हे मुख्यतः व्हिडिओ पाठवण्यासाठी आहे. अ‍ॅनालिटिक्सच्या माहितीसाठी प्रोफाइल एम 2021 मध्ये आलं. तरीही कोणते नियम मिळतील ते मॉडेलनुसार बदलतं. घेण्याआधी मॉडेल नंबर ओएनव्हीआयएफच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधता येतो. विंडोज लॅपटॉप असेल तर ओएनव्हीआयएफ डिव्हाइस मॅनेजर हा मोफत प्रोग्राम त्याच नेटवर्कवरचे कॅमेरे शोधून देतो. काही कॅमेऱ्यांत ही सोय सुरुवातीला बंद असते, ती चालू करून वेगळा युजर बनवावा लागतो.

आणखी एक गोष्ट टेक्निशियनलाही चकवते. पासवर्ड बरोबर, तरी कॅमेरा आत घेत नाही. कारण घड्याळ! अनेकदा लॉगिनच्या निरोपात वेळही जाते, आणि भारनियमनानंतर कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलेलं असेल तर तो निरोप जुना समजून नाकारतो. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करून ठेवलं की हा त्रास मिटतो.

किल्ली कुणाच्या हातात?

ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्यांबाबत खरी गोम इथे आहे. अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त कॅमेरे बसवून गेलेल्याकडे असतो, किंवा कारखान्यातून आला तसाच असतो. पासवर्ड हातात असलेला माणूस एका निरोपात नियम पुसून टाकू शकतो. व्हिडिओ चालूच राहतो, टीव्हीवर चौक दिसत राहतो, फक्त अलर्ट येत नाही. हे लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही. 2016 मध्ये मिराई या व्हायरसनं कारखान्याचेच पासवर्ड वापरून जगभरातले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. भारतातही एप्रिल 2025 पासून विक्रीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. पण कमकुवत पासवर्डवर चाचणीचा उपाय नाही.

म्हणून बिल चुकतं करण्याआधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदलून लिफाफ्यात बंद करून ग्रामसेवकांकडे द्यावा, टेक्निशियनला कमी अधिकाराचा वेगळा युजर द्यावा. राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर टाकू देऊ नये. आणि महिन्यातून एकदा रात्री कुणीतरी स्वतः ती रेषा ओलांडून बघावं, सरपंचांच्या मोबाईलवर अलर्ट वाजतो का ते.