कर्करोगातून बरे झालेल्यांची फुप्फुस-तपासणी

खोकला किंवा थुंकीतून रक्त अशी तक्रार असलेल्याची तपासणी वेगळी आणि काहीच त्रास नसलेल्याची वेगळी. या दुसरीला आपण चाळणी तपासणी म्हणू. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ती कमी मात्रेच्या सी.टी. स्कॅनने करतात.

अमेरिकेत ५३,४५४ आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांवर तिचा प्रयोग झाला. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लाख माणसे एक वर्ष पाहिली, तर साध्या एक्स-रेच्या गटात या कर्करोगाने ३०९ मृत्यू आणि सी.टी.च्या गटात २४७, असे ते प्रमाण होते. मात्र शंभर सी.टी. तपासण्यांपैकी सुमारे २४ मध्ये संशयास्पद काही दिसले आणि त्यांतल्या २३ मध्ये कर्करोग नव्हताच!

आधीच्या पाच वर्षांत दुसऱ्या कर्करोगावर उपचार घेतलेल्यांना या प्रयोगात सहसा घेतले नव्हते. अमेरिकेची २०२१ ची शिफारसही वय (५० ते ८०) आणि धूम्रपान (दिवसाला एक पाकीट या हिशेबाने किमान २० वर्षे, सोडले असल्यास गेल्या १५ वर्षांत) एवढेच पाहते. तरुणपणी हॉजकिनच्या कर्करोगासाठी छातीवर किरणोपचार घेतलेली, कधीही सिगारेट न ओढलेली स्त्री या चौकटीत बसत नाही. तिचा धोका मात्र किरणांमुळे वाढलेला असतो. ती धूम्रपान करत असती, तर हे दोन धोके नुसते बेरजेने नव्हे, जवळजवळ गुणाकाराने वाढले असते.

येथे डॉक्टरांची मते विभागतात. काही म्हणतात, मुळातला धोका तिप्पट असेल तर तेवढ्याच तपासण्यांत ६२ ऐवजी १८६ मृत्यू टळतील. खोट्या इशाऱ्यांची संख्या काही तिप्पट होणार नाही. गणित बरोबर आहे, पण २० टक्के घट या गटातही तशीच होईल हे त्यात गृहीत धरले आहे. किरणांनी आणि औषधांनी आधीच थकलेले हृदय व फुप्फुसे शस्त्रक्रिया सोसतील का, ही दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरांची शंका आम्हाला रास्त वाटते. गाठ लवकर सापडली, पण काढता आली नाही, तर लाभ कोणता?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जुन्या क्षयाचे व्रण सी.टी.वर गाठीसारखे दिसू शकतात. लहान गाठ दिसली की काही महिने थांबून पुन्हा स्कॅन काढायचा आणि ती वाढते का ते पाहायचे, ही नेहमीची रीत. पण बऱ्या झालेल्या रुग्णात ती गाठ नव्या कर्करोगाची, क्षयाच्या व्रणाची किंवा जुनाच कर्करोग परतल्याची, यांपैकी काहीही असू शकते. त्यामुळे थांबायचे की सुईने तुकडा काढून पाहायचा, हे डॉक्टरांना प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.