चिंध्यांचा चेंडू

"पोर खेळतंय म्हणजे वेळ वाया घालवतंय," असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. पण जरा विचार करू. भाकरी थापताना, कापूस वेचताना, गोफण फिरवताना काय लागते? डोळ्याने बघायचे आणि हाताने नेमके करायचे. डोळ्याची आणि हाताची ही जोडी सरावाने जमते. लहान मुलाला हा सराव देणारी सोपी वस्तू म्हणजे चेंडू.

चेंडू विकतच आणला पाहिजे असे नाही. जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या चिंध्या घ्या. एक चिंधी मुठीत घट्ट दाबा. तिच्यावर दुसरी गुंडाळा, मग तिसरी. दर वेळी ओढून घट्ट करा. वरून सुतळी आडवी-उभी बांधा. शेवटी जाड कापडाचे तुकडे शिवून टाका. झाला चेंडू! हा चेंडू उसळत नाही, पण लागतही नाही. म्हणून लहान मुले त्याला भीत नाहीत. अगदी लहानांसाठी तो नारळाएवढा करा. मोठ्यांसाठी मुठीएवढा पुरे.

आता खेळ बघू. सोप्यापासून अवघडाकडे जायचे.

खेळ पहिला – लोळवणे. दोन-तीन वर्षांचे मूल आणि आपण समोरासमोर पाय फाकून बसायचे. चेंडू एकमेकांकडे लोळवायचा. मूल चेंडूकडे बघायला शिकते.

खेळ दुसरा – झेल. दोन पावलांवर उभे राहा. चेंडू खालून, हळू टाका. लहान मूल आधी चेंडू छातीशी कवटाळते. तसेच चालू द्या. पुढे त्याला सांगा, "बोटं पसर, चेंडूकडे बघ. चेंडू आला की हात अंगाकडे घे." अंडे झेलावे तसा चेंडू झेलायचा. जमले की एक पाऊल मागे सरा.

खेळ तिसरा – टाळी. चेंडू वर उडवायचा, एक टाळी वाजवायची आणि झेलायचा. मग दोन टाळ्या, मग तीन. हा खेळ एकट्याने खेळता येतो.

खेळ चौथा – नेम. पाच पावलांवर टोपली ठेवा. दहा वेळा चेंडू टाका. पाच वेळा उजव्या हाताने, पाच वेळा डाव्या हाताने. किती पडले ते मोजा. आता तर तुम्हाला लिहिता येते. मग मुलाचे नाव आणि आजचा आकडा पाटीवर लिहून ठेवा. उद्याचा आकडा त्याखाली लिहा. काल तीन, आज चार, हे आईने किंवा बापाने लिहिलेले बघून मुलाला हुरूप येतो. आपलाही सराव होतो.

खेळ पाचवा – लगोरी. ही तुम्हाला ठाऊकच आहे. सात चपट्या ठिकऱ्या एकावर एक रचायच्या, चेंडूने पाडायच्या, आणि अंगाला चेंडू लागायच्या आत पुन्हा रचायच्या. लहानांसाठी तीनच ठिकऱ्या ठेवा. एक नियम मात्र पक्का करा : चेंडू मानेच्या वर मारायचा नाही.

खेळताना जागा बघा. विहिरीचा काठ, पेटती चूल, मोटारीचा रस्ता यांपासून दूर खेळावे. मिरची वाळत घातली असेल तिथे तर नकोच. मिरचीचे हात डोळ्याला लागले की खेळ रडण्यावर जातो.

सरावाने काय होते? बाळू पालवणकर हे नाव लक्षात ठेवा. हा चर्मकार समाजातला गरीब घरचा मुलगा. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान राखण्याचे काम करी. साहेबांना सराव मिळावा म्हणून तो तासन् तास चेंडू टाकी. साहेबांचा सराव झाला, तसा बाळूचाही झाला. १९११ साली तो हिंदुस्थानच्या संघातून इंग्लंडला गेला. तिथे त्याने शंभराहून जास्त गडी बाद केले. प्रत्येक मूल बाळू होणार नाही. पण "ह्याच्या हातून काहीच होत नाही" असे ज्याला आपण म्हणतो, त्यालाही सरावाने चेंडू झेलता येतो. मग त्याची मान वर होते.

अजून दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली मुलींची. मुलगा खेळायला पळतो. मुलगी पाण्याला जाते, धाकट्याला कडेवर घेते. तिला खेळ कधी मिळणार? संध्याकाळी पाव तास धाकट्याला आपण घेऊ. चेंडू तिच्या हातात देऊ. डोळ्याची आणि हाताची जोडी तिलाही हवी आहे.

दुसरी गोष्ट परगावी जाणाऱ्यांची. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊस तोडायला गुजरातेत जातात. पोरेही बरोबर जातात. तिथे ना आपले अंगण, ना ओळखीचे सोबती. गाठोडे बांधताना त्यात चिंध्यांचा चेंडू टाका. त्याचे ओझे होत नाही. मात्र गाड्या आणि ट्रक उभे असतात तिथे खेळू देऊ नका.

आज घरातल्या चिंध्या गोळा करा. चेंडू बांधायला मुलांनाच बसवा. पहिला झेल मात्र आपण टाकू.

वाचा आणि सांगा :
१. चिंध्यांच्या चेंडूला लहान मुले का भीत नाहीत?
२. टोपलीच्या खेळात तुमच्या मुलाचा आणि मुलीचा आजचा आकडा किती? पाटीवर लिहा.