मोटारसायकलचा गंज : कुठे घासावा, कुठे भाग बदलावा



खताचे पोते, फवारणी पंप, दुधाचे कॅन, सगळे आज मोटारसायकलवरूनच जाते. अशा गाडीवर एक-दोन पावसाळे गेले, की चकचकीत भागांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. काही जण तिकडे बघतच नाहीत, तर काही जण सगळ्याच भागांवर खर्च करून बसतात. दोन्ही चूक. कोणता गंज नुसता दिसायला वाईट आणि कोणता जिवाला धोका, एवढे ओळखता आले पाहिजे.

गंज का चढतो?

क्रोम म्हणजे भांड्याच्या कल्हईसारखा मुलामा. खाली पोलाद, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा अगदी पातळ थर. क्रोम गंजत नाही, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. त्यांतून ओल पोलादापर्यंत पोचली की गंज आतून धरतो. म्हणून वर ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा, पण खाली खड्डा मोठा, असे होते.

आपल्या गाडीला शेतीमालाचाही त्रास असतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठासारखेच क्लोराइड आहे. ते ओलीबरोबर चिरांत उतरते. मोरचूद त्याहून वाईट. बोर्डो मिश्रण तपासताना आपण त्यात लोखंडी विळा बुडवतो. चुना कमी असेल तर विळ्यावर तांबे चढते. तेव्हा तेवढे लोखंड विरघळत असते. मोरचुदाचे पाणी गाडीवर सांडले, तर तेच होते.

वरवरचा गंज घरी काढा

१. गाडी थंड असताना साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घ्या.

२. चपात्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. तारेचा ब्रश किंवा जाड पॉलिशपेपर क्रोमवर लावू नका. उरलासुरला मुलामाही जाईल.

३. कोरडे पुसून मेणाचे पॉलिश किंवा तेलाचा पातळ हात द्या. टायर, ब्रेकचा ड्रम आणि डिस्क यांना तेल लागता कामा नये.

संडास धुण्याचे ॲसिड वापरू नका. गंज निघाल्यासारखा दिसतो, पण मागे क्लोराइड राहते आणि गंज पुन्हा जोराने धरतो.

कॅरिअर, स्टँड अशा रंगाच्या भागांवर मात्र तारेचा ब्रश चालतो. फुगलेला रंग खरवडून पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासा. रेड ऑक्साइड प्रायमर द्या, खड्ड्यांत पुट्टी भरून घासून घ्या, पुन्हा प्रायमर आणि मग ऑइलपेंट. गंजावरच पुट्टी भरली, तर आतले लोखंड खातच राहते.

खड्डे पडले असतील तर

गेलेले लोखंड घासून परत येत नाही. मडगार्डवर किंवा सायलेन्सरच्या बाहेरून बारीक खड्डे असले तर गाडी चालण्यात अडचण नाही. दोन जागी मात्र चालढकल करू नका.

पहिली जागा, पुढच्या शॉकअपच्या नळ्या. ऑइल सील जिथे वरखाली सरकते, तिथे नळीवरून नख फिरवा. नख अडकले, की तो खड्डा सील कापणार. तेल खाली ओघळून ब्रेकवर गेले, तर ऐनवेळी ब्रेक लागणार नाही. एखाददुसरा बारीक खड्डा असेल, तर त्याची धार बारीक वॉटरपेपरने मोडा, तेलकटपणा काढा, दोन नळ्या मिसळून लावायचा एपॉक्सी भरा. पूर्ण कडक झाल्यावर वॉटरपेपरने नळीच्या बरोबरीने सपाट करा. हा तात्पुरता इलाज आहे. खड्डे जास्त असतील तर नळी बदला, किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घ्या. नळी तशीच ठेवून नुसते सील बदलणे म्हणजे पैसे वाया.

दुसरी जागा, चाकाची रिम. स्पोकच्या भोकांभोवती बारकाईने बघा. पापुद्रे सुटत असतील, लोखंड पातळ झाले असेल किंवा चीर दिसली, तर रिम बदलावीच लागेल. अशा रिमला पुन्हा क्रोम करून बळ येत नाही. टायर काढलेले असताना रिमची आतली बाजूही तपासा. तिथला गंज ट्यूबला टोचतो.

पुन्हा क्रोम करून घेताना खड्डे आधी भरले किंवा घासून काढले जातील ना, ते विचारा. नुसता मुलामा चढवला, तर खड्डे तसेच दिसतात.

लक्षात ठेवा

– खत, मीठ किंवा मोरचूद वाहिले, की त्याच दिवशी गाडी धुवा.
– पोत्याखाली प्लॅस्टिकचा कागद घाला. गळका पंप गाडीवर नेऊ नका.
– ओली गाडी झाकून ठेवू नका. गोठ्यातली दमट, उग्र हवा धातूला मानवत नाही. तिथे गाडी लावू नका.
– महिन्यातून एकदा शॉकअपच्या नळीवरून नख फिरवा. तेलाचा ओघळ दिसला, तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.