पहाटे गव्याचा फोटो काढताना नाईट मोड बंद करा, आणि लोकेशनसुद्धा

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं मित्र पहाटे चार वाजता कोल्हापुरातून दाजीपूरच्या रस्त्याला लागलो. अंतर साधारण ८० किलोमीटर. डीएसएलआर कुणाकडेच नव्हता, तिघांकडे तीन मोबाईल. राधानगरीच्या पुढं लक्ष्मी तलावावर धुकं पसरलेलं होतं आणि उजाडायला अजून वेळ होता. तिथंच पहिली चूक झाली.

पूर्ण अंधार म्हटल्यावर मी नाईट मोड लावला. तलावाचा आणि डोंगराचा फोटो लई भारी आला. मग थोडं पुढं, शेताच्या कडेला गव्यांचा कळप दिसला. रात्री चरायला बाहेर आलेले गवे उजाडायच्या आत जंगलाकडं परततात, तशीच ती वेळ. मी त्याच मोडमध्ये बटण दाबलं आणि फोटोत गव्याला दोन तोंडं आली!

कारण सोपं आहे. नाईट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही. एक-दोन सेकंदांत बरेच फोटो काढून ते एकावर एक रचतो, म्हणून अंधारातही उजेड आणि स्वच्छपणा मिळतो. डोंगर हलत नाही, त्यामुळे रचना जुळते. गव्यानं मान वळवली की जुळत नाही. निसर्गदृश्याला नाईट मोड हवाच, पण प्राणी आला की तो बंद करा. प्रो मोड असेल तर शटर १/१२५ किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि आयएसओ १६०० पर्यंत चढू द्या. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार गवा दोन तोंडांच्या गव्यापेक्षा बरा.

प्रो मोड नसेल तर थांबा. सूर्योदयाआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत उजेड साधारण शंभरपट वाढतो. डोळ्यांना ते तेवढं जाणवत नाही, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ही वेळ म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक. आम्ही घाई केली, त्याची शिक्षा मिळाली.

आणखी एक गंमत. अंगानं काळा गवा आणि मागं पांढरं धुकं, असा देखावा असला की फोटोत धुकं मळकट येतं आणि गवा म्हणजे नुसता काळा गोळा. कॅमेरा साधारणपणे समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून उजेड ठरवतो, म्हणून भरपूर पांढरं दिसलं की तो फोटो अंधारा करतो. गव्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथं लॉक होतो, मग सूर्याचं चिन्ह वर सरकवा. गव्याच्या पायांतले पांढरे मोजे वेगळे दिसायला लागले की बास. सूर्य डोंगरावर आला की उलट करा, खाली सरकवा, नाहीतर आकाश पांढरंफटक होतं. आणि दर दहा मिनिटांनी लेन्स पुसा, धुक्याचं दव तिच्यावर बसतंच.

झूमवर फार विसंबू नका. 'थ्री-एक्स' दाबलं तरी उजेड कमी असेल तर बरेच फोन टेलिफोटो लेन्स वापरतच नाहीत, मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात. खात्री करायची असेल तर टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर तुम्ही कापलेला फोटो बघताय.

मग जवळ जायचं का? अजिबात नाही. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो आणि खांद्यापाशी जवळपास सहा फूट भरतो. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा भरकटत आला होता. मागं गर्दी लागली, मोबाईल वर झाले, गवा सैरावैरा पळत राहिला. पकडल्यावर तो मेला.

ती बातमी मला माहीत होती. तरीही दुसरी चूक मीच केली.

उजाडल्यावर एका मादीचा पिल्लासोबत सुंदर फोटो मिळाला. व्हॉट्सॲपवर क्वालिटी जाते म्हणून मी तो एका मोठ्या ग्रुपवर 'डॉक्युमेंट' करून टाकला. पुढच्या रविवारी त्याच जागी दहा-बारा बाईक उभ्या राहिल्या. मला कळलं ते ज्यांच्या बांधावरून फोटो काढला होता त्या काकांच्या फोनमुळं. "आरं पोरा, तुझ्या फोटोपायी पोरं आली, शिट्ट्या मारल्या, आणि गवं माझ्या उसात घुसलं. आता भरपाई कोण देणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

जागेचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं. ते फोटोतच होतं. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात, यालाच एक्झिफ माहिती म्हणतात. 'तिथं रेंजच नव्हती' हा बचाव चालत नाही, कारण जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही, सिग्नल थेट उपग्रहावरून येतो. मोकळ्या माळावर जागा पाच-दहा मीटरपर्यंत अचूक कळते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. मी फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला, पण ज्यांनी सेव्ह केला होता त्यांच्याकडं तो राहिलाच.

अभयारण्याच्या आत निदान वनखात्याचा पहारा असतो. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, पण गव्याला हद्द कळत नाही. बाहेर शेताच्या कडेला त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये कुणीच नसतं.

बंद करायला अर्धा मिनिट लागतो. अँड्रॉइडवर कॅमेरा उघडा, सेटिंग्जमध्ये 'लोकेशन टॅग' किंवा 'सेव्ह लोकेशन' असं काहीतरी दिसेल, ते ऑफ करा. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, तिथं 'नेव्हर'. जुना फोटो आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पानावर वर 'ऑप्शन्स' असतं, त्यात लोकेशन काढता येतं. मागं ओळखू येणारं देऊळ, मनोरा किंवा गावाची पाटी असेल तर तेवढा भाग कापा, कारण तो सेटिंगनं जात नाही.

जानेवारीत आम्ही परत गेलो. काकांकडं चहा घेतला, त्यांनी विचारलं तेव्हा तिघांनी लोकेशन बंद असल्याचं उघडून दाखवलं. फोटो टाकताना खाली फक्त 'राधानगरी तालुका' लिहिलं. पाच मिनिटांत एकानं विचारलंच, "भावा, एग्झॅक्ट लोकेशन टाक की!" मी त्याला राधानगरीतल्या चहाच्या टपरीचं लोकेशन पाठवलं. तिथली भजी चांगली असतात.